बर्लिनची शिंपीण लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पहिलीच कादंबरी लिहायला घेतली आहे. काळ १९४२-४३, शहर बर्लिन. नायिका घरी शिवणकाम करणारी तिशीतली जर्मन बाई, नवरा पूर्व आघाडीवर, पदरात एक मुलगी. ऐंशी पानं झाली आणि लेखन थांबलं. नायिका पहिल्या पानापासून हिटलरच्या विरोधात आहे, जिन्यापलीकडच्या ज्यू कुटुंबाला चोरून पाव देते, आणि तरीही तुम्हाला स्वतःलाच ती खरी वाटत नाही. त्याशिवाय तुम्ही विचारलंय की संशोधन किती घालायचं, जर्मन माणसांनी मराठीत कसं बोलायचं, आणि मराठी वाचकाला जवळचं वाटावं म्हणून एखादं मराठी पात्र आणावं का.

मी गेली तीसेक वर्षं ऐतिहासिक कथा-कादंबऱ्या लिहिते आणि त्याहून जास्त हस्तलिखितं वाचते. नाझी जर्मनीतल्या बायकांच्या आयुष्यावर मी बराच काळ काम केलं आहे. त्यामुळे उत्तर लांबेल.

ती खरी वाटत नाही, कारण तुम्ही तिला काहीच मिळू दिलेलं नाही. तुमच्या ऐंशी पानांत राजवट तिच्याकडून फक्त घेते: नवरा घेते, झोप घेते, लोणी घेते. पण नुसती हिसकावून घेणारी राजवट बारा वर्षं टिकली नसती. ती देतही होती, आणि जे देत होती ते थेट बाईच्या हातात, तिच्या स्वयंपाकघरात येत होतं. ते काय होतं आणि त्याची किंमत कोण मोजत होतं, हे तुमच्या नायिकेला अर्धवट दिसतं आणि अर्धवट ती पाहत नाही. तुमची कादंबरी तिथे आहे.

उदाहरण तिच्याच आयुष्यातलं घेऊ. १९४२ मध्ये ती तीस-बत्तीस वर्षांची असेल तर तिचं लग्न १९३५च्या आसपास झालं असणार. जून १९३३ पासून नवविवाहितांना सरकारकडून बिनव्याजी लग्नकर्ज मिळत होतं, जास्तीत जास्त १००० मार्क. पैसे रोख मिळत नसत, घरसामानाच्या कुपनांच्या रूपात मिळत. मुख्य अट अशी की बायकोने नोकरी सोडायची. प्रत्येक मुलामागे कर्जाचा चौथा हिस्सा माफ. म्हणजे तुमच्या नायिकेच्या घरातलं कपाट आणि पलंग या कर्जातून आलेले असू शकतात, आणि तिची मुलगी जन्मली त्या दिवशी त्यातले अडीचशे मार्क फिटले. तिने सोडलेली नोकरी कुठली, तेही सांगते. ती हाउसफोग्टाइप्लात्झवर कामाला होती.

बर्लिनच्या मध्यभागी असलेला हा चौक म्हणजे तयार कपड्यांच्या धंद्याचं हृदय. बायकांचे कोट, झगे, ब्लाउज इथे बेतले जात आणि शहरभर घरी बसून शिवणाऱ्या बायकांकडे जात. यातल्या बऱ्याच पेढ्या ज्यू कुटुंबांच्या होत्या. १९३३ मध्ये बिगर-ज्यू कापड उद्योजकांनी ‘अडेफा’ नावाची संघटना काढली आणि ‘आर्य हातांनी बनवलेला माल’ अशा अर्थाची चिठ्ठी कपड्यांवर लागू लागली. १९३९ पर्यंत ज्यू मालक या धंद्यातून पूर्णपणे उखडले गेले होते. पेढ्या कवडीमोलाने विकल्या गेल्या, आणि नव्या मालकांना चालू गिऱ्हाइकं, चालू यंत्रं, सगळं आयतं मिळालं. तुमच्या नायिकेला तिची कला एखाद्या ज्यू कारागिराने शिकवलेली असणं अगदी स्वाभाविक आहे. खांदा कसा बसवायचा, अस्तर कुठे ढिलं ठेवायचं, हे त्याने शिकवलं. १९३५ मध्ये कर्जासाठी तिने ती नोकरी सोडली. १९३७ नंतर नोकरीबंदीची अट शिथिल झाली, ती पुन्हा काम शोधायला गेली, तेव्हा पेढी तीच पण मालक दुसरा. तिने काम घेतलं का? मला वाटतं घेतलं. हे तुमच्या कादंबरीच्या तीनशे पानांआधी घडून गेलेलं आहे, पण ते तुम्हाला ठाऊक हवं.

आता तो काळ कपड्यांतून पाहा. तुम्ही नायिकेला शिंपीण केलंत हे तुमचं सर्वांत मोठं भांडवल आहे आणि ऐंशी पानांत ती चार वेळा सुई हातात धरते. नोव्हेंबर १९३९ मध्ये कपड्यांचं रेशनकार्ड आलं, वर्षाला १०० गुणांचं. बायकांच्या मोज्यांच्या एका जोडीला ४ गुण, जाकीट-स्कर्टच्या जोडीला ४५. म्हणजे एक बरा पोशाख घेतला की जवळजवळ निम्मं वर्ष संपलं. शिवायचा दोराही मोजून. म्हणून नवं कापड क्वचित, जुनं उसवून नवं करणं हेच मुख्य काम. नवऱ्याच्या कोटाचा बायकोला कोट, पडद्याचा झगा, पलंगपोसाचे दोन फ्रॉक. १९४३च्या उन्हाळ्यात प्रौढांची सर्वसाधारण कपड्यांची कार्डं थांबली आणि बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्यांना प्राधान्य मिळालं. अशा काळात शिंपिणीच्या घरी सगळा मोहल्ला येतो. अधिकाऱ्याची बायको येते, पावाच्या दुकानातली येते, विधवा येते. माप घेताना माणसं बोलतात. कोण वाळलंय, कुणाला दिवस गेलेत, कोण जाडजूड आहे आणि कुठून, हे तिच्या टेपला आधी कळतं. तुम्हाला याहून चांगली खिडकी मिळणार नाही.

तारा घ्या. १ सप्टेंबर १९४१चा आदेश, १९ सप्टेंबरपासून अंमल: सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू व्यक्तीने छातीच्या डाव्या बाजूला पिवळा तारा लावायचा. टाचणीने अडकवून चालत नसे, घट्ट शिवावा लागे. तारे बर्लिनमधल्याच एका झेंडे बनवणाऱ्या कारखान्यात कापडाच्या ताग्यांवर छापले गेले आणि ज्यूंना ते विकत घ्यावे लागले, एकाचे दहा फेनिग. आता अशी एक गिऱ्हाईक कल्पा, जी स्वतः बिगर-ज्यू आहे, नवरा ज्यू आहे, मूलबाळ नाही. मूल असतं तर काही अटींवर नवऱ्याला ताऱ्यातून सूट मिळाली असती. नाही, म्हणून त्याला तारा. ती बाई तुमच्या नायिकेकडे येते आणि पिवळ्या दोऱ्याचं एक रीळ मागते. बाकी काही बोलत नाही. तुमची नायिका दोरा देते का, पैसे घेते का, त्या संध्याकाळी ती कुणाला काही सांगते का? या एका प्रसंगात तुमच्या चोरून दिलेल्या पावापेक्षा जास्त कादंबरी आहे. कारण पाव देताना ती शूर आहे हे आधीच ठरलेलं आहे. दोरा देताना ती काय आहे हे तिलाही ठाऊक नाही.

हीच गिऱ्हाईक तुम्हाला फेब्रुवारी १९४३ मध्ये रोझनश्ट्रास या रस्त्यावर नेईल. २७ फेब्रुवारीला बर्लिनच्या कारखान्यांतून उरलेल्या ज्यू कामगारांना उचललं गेलं. ज्यांचे जोडीदार बिगर-ज्यू होते असे सुमारे दोन हजार लोक, बहुतेक पुरुष, रोझनश्ट्रासवरच्या एका इमारतीत कोंडले. बायका आल्या, रस्त्यात उभ्या राहिल्या, ‘आमचे नवरे परत द्या’ म्हणत जवळजवळ आठवडाभर येत राहिल्या. बहुतेकांना सोडण्यात आलं. ते या बायकांमुळे सुटले की राजवटीचा त्यांना तेव्हा पाठवण्याचा बेत नव्हता, यावर इतिहासकारांत वाद आहे. कादंबरीकाराने तो सोडवायची गरज नाही. रस्त्यात उभ्या असलेल्या बाईलाही उत्तर माहीत नव्हतं. मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की तिचं शौर्य हवेतून आलेलं नव्हतं. तिचा माणूस आत होता.

शौर्य असंच येतं, आणि उशिरा येतं. बर्लिनच्या वेडिंग भागातलं एलिझे आणि ओटो हाम्पेल हे कामगार जोडपं पाहा. १९४० मध्ये फ्रान्समध्ये एलिझेचा भाऊ मारला गेला. त्यानंतर दोन वर्षं दोघांनी हाताने राजवटविरोधी पोस्टकार्डं लिहून जिन्यांत आणि टपालपेट्यांजवळ ठेवली, दोनशेहून जास्त. भाषा ओबडधोबड, शुद्धलेखनाच्या चुका. सापडलेली बहुतेक कार्डं लोकांनी घाबरून लगेच पोलिसांना नेऊन दिली. ८ एप्रिल १९४३ रोजी दोघांचा शिरच्छेद झाला. आणि हीच एलिझे भावाच्या मृत्यूआधीची काही वर्षं नाझी महिला संघटनेची सभासद होती. हा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. पुष्कळ लेखक असा तपशील लाजून वगळतात. मला तो तिच्या गोष्टीचा कणा वाटतो. तुमच्या नायिकेच्या टेबलाच्या खणातही अशी सभासदाची पावती असू द्या.

दुसरी गोष्ट, भीती. तुमच्या हस्तलिखितात भीती बुटांच्या आवाजाने येते, मध्यरात्री, चामड्याचे कोट घालून. गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, मनुष्यबळ प्रत्यक्षात फार तोकडं होतं. त्यांच्या कामाचा मोठा भाग लोकांनी स्वतःहून आणून दिलेल्या कागाळ्यांवर चाले. म्हणून भीती जिन्यात राहते. प्रत्येक चाळीस-साठ घरांमागे पक्षाचा एक ब्लॉकप्रमुख, तो वर्गणी गोळा करायला येतो, हिवाळ्यातल्या ठरावीक रविवारी तुमच्या चुलीवर खरंच एकच साधं भांडं शिजतंय का याचा वास घेतो. १ सप्टेंबर १९३९ पासून परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा, ऐकलेलं पसरवणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा. लोक टेलिफोनवर उशी ठेवत. बोलण्याआधी दोन्हीकडे मान वळवून पाहायच्या सवयीला लोकांनीच ‘जर्मन नजर’ असं नाव दिलं होतं.

आणि इथे तुम्ही एल्फ्रीडे शोल्त्स या बाईचा खटला वाचायलाच हवा. ती ड्रेस्डेनमधली शिंपीण. तिचा भाऊ कादंबरीकार एरिश मारिया रमार्क. महायुद्धविरोधी लेखनामुळे त्याची पुस्तकं १९३३ मध्ये जाळली गेली आणि १९३८ मध्ये त्याचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. तो देशाबाहेर निसटला होता. एल्फ्रीडे ओळखीतल्या बायकांपाशी बोलली की युद्ध हरल्यातच जमा आहे. कागाळी झाली. नाझींच्या ‘लोकन्यायालय’ नावाच्या न्यायालयाने तिला सैन्याचं मनोधैर्य खच्ची केल्याबद्दल देहदंड दिला आणि १६ डिसेंबर १९४३ रोजी बर्लिनच्या प्लोट्झनझे तुरुंगात गिलोटिनखाली तिचं मुंडकं उडवलं. मग खटल्याचा, कोठडीचा आणि वधाचा खर्च म्हणून ४९५ मार्क ८० फेनिगचं बिल तिच्या बहिणीला पाठवलं गेलं. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्या ऐंशी फेनिगांपाशी अडकून होते. ऐंशी फेनिगांत आठ तारे येत.

कागाळी करणारं पात्र तुम्ही दुष्ट रंगवलं आहे. ते बदला. दिल्लीच्या इतिहासकार वंदना जोशी यांनी ड्युसेलडॉर्फच्या गेस्टापोच्या फायली चाळून कागाळी करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला आहे. त्यात अशा बायका भेटतात ज्यांनी आपल्याच नवऱ्याची तक्रार केली. नवरा दारू पिऊन मारतो, दुसरीकडे जातो, पैसे देत नाही. पोलीस त्यात पडणार नाहीत हे तिला ठाऊक आहे. पण तो हिटलरला शिव्या देतो म्हटलं की दार उघडतं. मारहाण थांबवायला तिच्या हातात आलेलं हे एकच हत्यार. मी वर्षानुवर्षं हा विषय वाचते आहे, पण बाईच्या हतबलतेचा आणि तिच्या क्रौर्याचा इतका घट्ट पीळ मला दुसरीकडे सापडलेला नाही. तुमच्या जिन्यात अशी एक बाई असू द्या, आणि वाचकाला तिच्याकडे पाठ फिरवू देऊ नका.

बायका बळी होत्या की भागीदार, यावर १९८०च्या दशकात क्लॉडिया कून्झ आणि गिझेला बॉक या दोन इतिहासकारांमध्ये कडाक्याचा वाद झाला. बॉक यांचा भर सक्तीच्या नसबंदीवर होता. १९३४ पासून सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली, त्यात जवळपास निम्म्या बायका. एकीकडे चार मुलं झाली की आईला कांस्यपदक, सहाला रौप्य, आठला सुवर्ण, आणि दुसरीकडे ‘नालायक’ ठरवलेल्या बाईची कूस सरकारी कागदावर सही करून बंद. कून्झ यांचं म्हणणं असं की घर सांभाळणाऱ्या, वातावरण उबदार ठेवणाऱ्या बायकांनीच या राजवटीला रोजचं, नेहमीचं रूप दिलं. माझं मत विचाराल तर दोघींचं खरं आहे, आणि तुमच्या नायिकेच्या एका जिन्यात दोन्ही मावतं.

आता ‘तिला किती ठाऊक होतं’ हा प्रश्न. तुम्ही तिला सगळं ठाऊक करून दिलं आहे, अगदी छळछावण्यांची नावंसुद्धा. हे आपलं ज्ञान आहे, तिचं नाही. पण म्हणून तिला काहीच दिसत नव्हतं असंही नाही. बर्लिनहून पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ रोजी ग्रुनेवाल्ड स्थानकातून लोड्झकडे निघाली. त्याआधी लेव्हेत्सोश्ट्रासच्या सिनॅगॉगमधून लोकांना रस्त्याने चालवत स्थानकापर्यंत नेलं गेलं, भर शहरातून. जाणाऱ्याला सोळा पानी अर्ज भरावा लागे, त्यात घरातली प्रत्येक वस्तू मोजून लिहायची, टॉवेल आणि आतले कपडेसुद्धा. मग दाराला सील. मग लिलाव. हाम्बुर्गबद्दलच्या संशोधनातून दिसतं की किमान लाखभर लोकांनी असा लुटीचा माल विकत घेतला. हॉलंड-फ्रान्समधल्या ज्यूंच्या घरांतलं सामान जहाजांनी येत होतं आणि साध्या गृहिणी अचानक फरचे कोट घालून फिरू लागल्या होत्या. मात्र तुमच्या प्रसंगात बर्लिनच्या ज्यू शेजारणीचा लिलावात गेलेला कोट फरचा नको. जानेवारी १९४२ मध्येच ज्यूंकडचे फरचे कपडे सैन्यासाठी काढून घेतले होते. साधा, गडद निळा, जाड कापडाचा ठेवा.

तो कोट तुमच्या नायिकेकडे मापाला येतो. नवी मालकीण अंगाने भरलेली, शिवण सोडायला हवी. आणि डाव्या छातीवर तिच्या बोटांना सहा टोकांनी जाणारी सुईची भोकं लागतात. डोळ्यांना दिसणार नाहीत, पण शिंपिणीची बोटं चुकत नाहीत. राजवटीलाही हे ठाऊक होतं. २६ सप्टेंबर १९४२च्या एसएस या नाझी दलाच्या एका आदेशात मारल्या गेलेल्या ज्यूंचे कपडे पुढे वाटण्याआधी त्यांवरचे तारे काढले आहेत याची खात्री करा असं बजावलं आहे. तुमची नायिका तो आदेश कधीच वाचणार नाही. तिने काय करायचं? ती इस्त्री गरम करते, ओला फडका टाकते आणि भोकं बुजेपर्यंत दाबते. तिने काहीच वाईट केलेलं नाही, कामच केलं. मजुरी म्हणून तिला अर्धा पौंड लोणी मिळतं आणि मुलगी त्या रात्री पोटभर जेवते. हा प्रसंग मी तुम्हाला देऊन टाकते. वापरा.

भाषेकडे येऊ. तुमची पात्रं ‘अगं बाई’, ‘देवा रे’ म्हणतात ते काढा, पण बावरून पुस्तकी अनुवादाची मराठीही लिहू नका. मराठीकडे इथे एक नैसर्गिक देणगी आहे. जर्मनमध्ये तू आणि तुम्ही असा भेद आहे, आपल्याकडे तो जिवंत आहे. त्या काळी दहा वर्षं एका जिन्यात राहिलेल्या शेजारणीसुद्धा एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत, नावाआधी ‘फ्राउ’ लावून. म्हणून १९४३च्या एका रात्री तळघरात, बाहेर बॉम्ब पडत असताना, एखादी चुकून ‘तू’ म्हणाली तर मराठी वाचकाच्या अंगावर काटा येईल. त्यासाठी दोनशे पानं ‘तुम्ही’ सांभाळावं लागेल.

नमस्कारही तसाच. दुकानात शिरताना ‘हाइल हिटलर’ म्हणायचं अपेक्षित होतं. जुन्या सवयीचं ‘गुटन टाग’ म्हणणारी, पिशव्या दोन्ही हातांत धरून हात वर करणं टाळणारी, पुटपुटून वेळ मारून नेणारी, आणि खणखणीत म्हणणारी. चार बायका, चार स्वभाव, एकही विशेषण न वापरता. नवरा पडल्याची बातमी वर्तमानपत्रात द्यायची तर मजकुरात ‘फ्यूरर, जनता आणि पितृभूमीसाठी’ घालायचं की नुसतं ‘पितृभूमीसाठी’, हाही निर्णय होता, आणि शेजारी तो वाचत होते.

क्रियापदांकडे मात्र सगळ्यांत जास्त लक्ष द्या. सरकारी कागदांत ज्यूंबद्दल ‘स्थलांतर’, ‘हलवणूक’ असे शब्द असत. तुमची नायिका काय म्हणेल? पलीकडचे लोक ‘गेले’, ‘हलवले’ की ‘नेले’? पहिल्या शंभर पानांत तिच्या तोंडी ‘गेले’ असू द्या. ज्या पानावर ती पहिल्यांदा ‘नेले’ म्हणेल, ते पान तुमच्या कादंबरीचं मध्य आहे.

संशोधन किती? तिच्या हाताला लागेल तेवढंच. मी माझ्या एका जुन्या कथेत १९४३च्या बर्लिनमध्ये नायिकेला सकाळी निवांत कॉफी प्यायला लावली होती. छापून झाल्यावर कळलं की खरी कॉफी तेव्हा जवळजवळ दिसतच नव्हती, लोक भाजलेल्या बार्लीचा काढा पीत. पण मोठ्या हवाई हल्ल्यानंतर लोकांना शांत करायला खऱ्या कॉफीचं खास वाटप होई, आणि बर्लिनकर तिला ‘थरथर कॉफी’ म्हणत. म्हणजे जिन्यात खऱ्या कॉफीचा वास येतोय याचा अर्थ काल रात्री बॉम्ब पडले. ही चूक मला अजून सलते, कारण बरोबर तपशील चुकीच्या तपशिलापेक्षा कितीतरी बोलका होता. आपल्याकडे १९७१च्या युद्धात खिडक्यांना काळे कागद लावल्याच्या आठवणी आहेत. आई-मावशीला विचारा, त्या अंधाराचा पोत त्यांना ठाऊक आहे. पण तो थोड्या दिवसांचा होता, बर्लिनचा अंधार साडेपाच वर्षांचा. तिथे लोक एकमेकांवर आदळू नयेत म्हणून कोटावर अंधारात चमकणारे बिल्ले लावत. तुमच्या शिंपिणीने तेही शिवून दिले असतील.

तुमच्यासाठी दोन साधनं सोन्यासारखी आहेत. एक, बर्लिनच्या जुन्या पत्त्यांच्या वह्या, १९४३ पर्यंतच्या, तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवल्या आहेत. कुठल्याही रस्त्याचा, कुठल्याही घराचा नंबर काढा, कुटुंबप्रमुखांची नावं आणि धंदे मिळतील. ‘विधवा’ असा शेरा किती नावांपुढे आहे ते मोजा. नावं उचलू नका, जिना उचला. दुसरं, एसएसच्या गुप्तवार्ता खात्याचे जनमताचे अहवाल. रांगेतल्या बायका कशावर कुरकुरतात हे खबऱ्यांनी टिपून ठेवलं आहे, आणि ते छापून उपलब्ध आहे.

मराठी पात्राबद्दल माझं उत्तर नाही असं आहे, निदान १९४२च्या बर्लिनमध्ये ओढूनताणून नको. पण एक खरा धागा आहे आणि तो तुम्हाला आतून बळ देईल. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला होत्या, डाहलेम भागातल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेटसाठी. कवट्यांच्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे का, हा विषय. फिशर यांची अपेक्षा होती तसा फरक त्यांना मापांत सापडला नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. पुढे तीच संस्था नाझी वंशशास्त्राचा आधार झाली, आणि युद्धकाळात आउशवित्झ छळछावणीतून तिथला डॉक्टर मेंगेले याने माणसांच्या शरीराचे अवयव तिथे पाठवले. २०१४ मध्ये त्या परिसरात खोदकामात मानवी हाडं निघाली, २०२३ मध्ये त्यांचं दफन झालं. इरावतीबाई युद्धाच्या कितीतरी आधी भारतात परतल्या होत्या. त्यांना कादंबरीत आणू नका. पण जी मापपट्टी त्यांच्या हातात होती आणि जी तुमच्या शिंपिणीच्या गळ्यात आहे, त्या दोन्हींचा विचार करत काही दिवस काढा. माणूस मोजून तुमच्या हाती जे आलं ते लिहायचं, की वरच्याला हवं ते, हा प्रश्न दोघींपुढे आहे.

शेवटी काळ. तुम्ही म्हणता कादंबरी १९४५ पर्यंत न्यायची आहे. न्या, पण एक धोका ओळखून. एप्रिल-मे १९४५ मध्ये बर्लिनच्या बायकांवर रशियन सैनिकांनी मोठ्या प्रमाणावर बलात्कार केले. एका पत्रकार स्त्रीने त्या आठवड्यांची रोजनिशी ठेवली होती. १९५९ मध्ये ती जर्मन भाषेत निनावी छापली गेली तेव्हा, तुम्ही जर्मन स्त्रीची अब्रू चव्हाट्यावर आणली, असं तिला सुनावलं गेलं. जिच्यावर अत्याचार झाला तिनेच गप्प बसावं, ही अपेक्षा आपल्याला अनोळखी नाही. म्हणून ते लिहाच, आडपडदा न ठेवता. मात्र ते दुःख तिच्या आधीच्या वर्षांवरचा बोळा होऊ देऊ नका. पुष्कळ हस्तलिखितांत तसं होतं: शेवटच्या पन्नास पानांत नायिका इतकं सोसते की लिलाव, लोणी, इस्त्री, सगळं विसरलं जातं.

तळघराचा प्रसंग लिहिताना खोलीत कोण कुठे बसलंय ते आधी कागदावर काढा. मुलगी मांडीवर, ब्लॉकप्रमुखाची बायको दाराशी. ज्या गिऱ्हाइकाने कोट घेतला होता ती नोव्हेंबर १९४३च्या हल्ल्यात गेली असेल आणि कोट मजुरीपोटी तुमच्या नायिकेकडेच राहिला असेल. एप्रिलमध्ये बर्लिनची तळघरं गार असतात. तिने तो अंगात घातलेला आहे, बटणं वरपर्यंत लावून.